देवाला गाऱ्हाणं, माणसांना काम

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान 47 वर्षांचे. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत ऑपरेशन आहे आणि मग रेडिएशन. घरी सासूबाई, दहावीतली मुलगी, हापूसची कलमं आणि गोठ्यात दोन जनावरं. येणारा जाणारा "काय व्हया तर सांग" म्हणतो, पण मागायची लाज वाटते. ऑपरेशनआधी ग्रामदेव रवळनाथाला कौल लावायचाच, असा सासूबाईंचा हट्ट आहे. देवाधर्माचं खूळ आता तरी सोडा, असं दीर म्हणतात. यजमानांचा लहानपणापासूनचा मित्र आजार कळल्यापासून घरी फिरकलेला नाही. आणि शेवटी ताई विचारतात, "मला स्वतःला देवाचा आधार वाटतो, यात माझं काही चुकतं का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्यावरच टेकलेले आहेत. तुमचं काही चुकत नाही. वैद्यकीय समाजसेविका म्हणून माझं बहुतेक आयुष्य कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांबरोबर गेलं, आधी मुंबईत आणि नंतर इथे सिंधुदुर्गात. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बाईच्या पदराच्या गाठीत अंगारा असतो, शेजारचीच्या हातात तसबीह असते, तिच्या पलीकडे वेंगुर्ल्याची कुणी रोझरी घेऊन बसलेली असते. त्यातल्या एकीलाही ते बाजूला ठेव असं मी कधी म्हटलं नाही. मी फक्त एक गोष्ट तपासते: या श्रद्धेमुळे उपचाराची तारीख पुढे जाते आहे का? जात नसेल तर ती श्रद्धा घरातल्या औषधांइतकीच जपावी. तारीख हलत असेल तर मात्र मी मध्ये पडते, आणि तेव्हाही देवाला बाजूला करून बोलत नाही, त्याला बरोबर घेऊनच बोलते.

तुमच्या घरात सध्या दोन्ही आधार मोघम आहेत. मित्र "सांग" म्हणतात आणि तुम्ही सांगत नाही. देवावर सगळा भार टाकला आहे, पण त्याच्याकडे नेमकं काय मागायचं ते घरात ठरलेलं नाही. दोघांनाही काम नेमून द्या.

आधी कौलाचं बघू. तारीख जवळ आली आहे आणि खरा धोका तिथे आहे. कौल म्हणजे देवाकडून हो किंवा नाही असं उत्तर घेणं. मूर्तीला लावलेला कळा उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. आंब्याची बाग कराराने द्यावी का, मुलीचं स्थळ बघावं का, असे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या असे सुटत आले. पण ऑपरेशन करावं की नको हा प्रश्न तुम्ही देवापुढे ठेवलात आणि कळा डावा पडला, तर पुढे काय होतं ते मी अनेक घरांत पाहिलं आहे. "देव नको म्हणता, जरा थांबूया" असं ठरतं. महिनाभर कुणी तारखेचं नाव काढत नाही. मग जखम मोठी होते, जबडा उघडेनासा होतो, आणि गालापुरत्या ऑपरेशनच्या जागी जबड्याचं हाड काढण्याची वेळ येते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये उशीर फार महाग पडतो.

तेव्हा सासूबाईंना "कौल लावायचा नाही" म्हणू नका. "आई, कौल नको, गाऱ्हाणं घालूया" असं म्हणा. गाऱ्हाण्यात देवाला प्रश्न विचारायचा नसतो, त्याच्या कानावर घालायचं असतं. निर्णय घरानं घेतलेला असतो आणि देवाला पाठीशी उभं राहायला बोलवायचं असतं. तुमच्या गावच्या गुरवांना किंवा मानकऱ्यांना आधी एकटं गाठा. तारीख पक्की आहे, डॉक्टरांनी उशीर करू नका म्हटलं आहे, हे स्पष्ट सांगा. माझा अनुभव असा, की गावची मानकरी माणसं या बाबतीत शहरातल्या लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप समंजस असतात. गाऱ्हाणं कसं घालायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुझा लेकरू उद्या मुंबयक ऑपरेशनाक जाता हा, डॉक्टराच्या हाताक यश दी, आणि बरां करून सुखरूप घराक हाड रे म्हाराजा" असं त्यांनी म्हटलं आणि वाडीतल्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साद दिली, की सासूबाईंच्या मनाला जे हवं ते मिळतं. यजमानांनाही मिळतं. आपल्यासाठी सगळी वाडी देवळात उभी राहिली, हे त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर आडवं होताना आठवेल.

कौल लावूनच झाला असेल आणि तो डावा पडला असेल, तरी घाबरू नका. "आज जाऊ की उद्या", "कुठल्या वाटेने जाऊ" असा प्रश्न बदलून पुन्हा कौल घेतलेला मी पाहिला आहे. त्यालाही गुरवच वाट काढून देतात. तारखेला हात लागू द्यायचा नाही, एवढं तुम्ही धरून ठेवा.

आता अंगारा, तीर्थ, ताईत. हे बारीक वाटेल, पण नर्सशी भांडणं होतात ती यावरूनच. अंगारा कपाळाला लावा. तोंडात, जखमेवर, टाक्यांवर अजिबात नको. रेडिएशन चालू असताना गाल आणि मानेच्या त्या भागावर अंगारा, हळद, तेल यांपैकी काहीच लावायचं नाही, तिथली कातडी आधीच भाजल्यासारखी झालेली असते. ऑपरेशननंतर काही दिवस नाकातल्या नळीने अन्न द्यावं लागेल. त्या काळात तीर्थ-प्रसाद सासूबाईंनी यजमानांच्या नावाने स्वतः घ्यावा. गळ्यातला दोरा किंवा ताईत ऑपरेशनआधी काढायला सांगतील आणि रेडिएशनसाठी चेहऱ्यावर घट्ट साचा बसवतात तेव्हाही तो अडचणीचा होतो, म्हणून घरून निघतानाच तो काढून तुमच्या पर्समध्ये देवाच्या फोटोबरोबर ठेवा. ऑपरेशन थिएटरच्या दारात कुणी तो कात्रीने कापला, तर तेवढ्यानेही माणसाचा धीर खचतो.

नवसाबद्दल. बोला, पण झेपेल असाच बोला. जिवाच्या भीतीपोटी बोललेला मोठा नवस बरं झाल्यावर कर्ज काढून फेडणारी घरं आपल्याकडे आहेत. आणि तुमचे सोमवार, संकष्टी, जे काही असेल ते या तीन महिन्यांत हलकं करा. दिवसभर उपाशी राहून वॉर्डात उभी असलेली बाई चक्कर येऊन पडली की रुग्णाची सेवा बाजूला राहते आणि सगळे तिच्यामागे धावतात. देवाला हे कळतं, असं आमच्या आजीच्या पिढीच्या बायकाही म्हणत असत.

दिरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांची भीती खरी आहे. कॅन्सरवर हमखास औषध देतो म्हणणारी माणसं घरापर्यंत येतील, कुणी पाला देईल, कुणी चाटण, कुणी करणी काढून देतो म्हणेल. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी असे लोक दारात येतातच. त्यांना दिरांनीच उंबऱ्यावरून परत पाठवावं. हे काम त्यांच्याकडे द्या, ते चोख करतील. पण देवळातलं गाऱ्हाणं आणि करणी काढणारा भगत यांना एका पंगतीत बसवू नका, असं त्यांना माझ्या वतीने सांगा. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आला, तोसुद्धा पूजेच्या, भजनाच्या, वारीच्या आड येत नाही.

आणि संशोधनाचं म्हणाल तर तेही दिरांना प्रामाणिकपणे सांगते. अमेरिकेत बायपास झालेल्या 1802 रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी रुग्णासाठी केलेल्या प्रार्थनेमुळे ऑपरेशननंतरचा त्रास कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. म्हणजे प्रार्थनेला औषधाच्या जागी बसवता येणार नाही. दुसरीकडे 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती तपासली गेली. ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती, त्यांची त्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. हे फक्त कॅन्सरबद्दल नाही, पण त्यातून एक दिसतं. वाडीतली जी माणसं गाऱ्हाण्याला येऊन उभी राहतात, तीच उद्या रक्त द्यायला, गुरांना गवत घालायला येतात. आपल्याकडे देऊळ आणि शेजार वेगळे काढता येत नाहीत, म्हणून दिरांनी देवळाशी भांडण काढलं तर शेजारही दुखावेल.

आता मित्रांकडे येते. मागायची लाज वाटते म्हणालात. भातलावणीच्या दिवसांत आज तुमच्या कुणग्यात, उद्या त्यांच्या कुणग्यात अशी माणसं जातात तेव्हा तुम्हाला लाज वाटते का? आज घेतलेला हात कधीतरी परत द्यायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हेही तसंच धरा. तुम्हीही कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या मयताला उभ्या राहिला असाल. आता घेण्याची वेळ तुमची आहे.

पण लावणीला निरोप जातो तो दिवस ठरवून. "कधीतरी या" असा जात नाही. म्हणून एक साधी वही करा. एका बाजूला कामं लिहा, दुसऱ्या बाजूला नाव आणि वार. दूध काढणं आणि गोठा. कलमांवर मोहोर आलेला असणार, फवारणी. मार्च-एप्रिलमध्ये तोड आणि पेट्या भरणं. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतली की नाही, हे संध्याकाळी येऊन बघणं. मुलीला शाळेत आणि परीक्षेच्या केंद्रावर सोडणं. मुंबईत रात्री वॉर्डात थांबणं. रक्त. कागद. वही तुमच्याकडे ठेवू नका, एखाद्या मैत्रिणीकडे द्या. कोण कधी येणार, कोण आलं नाही, याचा हिशेब तुमच्या डोक्यातून जायला हवा. आणि पुढच्या वेळी कुणी "काय व्हया तर सांग" म्हटलं की तुम्ही फक्त म्हणा, "तिच्याकडे वही हा, बघून घे." बहुतेक माणसं मनापासून विचारतात. त्यांना काय करावं ते सुचत नसतं. काम मिळालं की ती सुटल्यासारखी होतात.

बागेबद्दल थोडं जास्त बोलते. याच काळात व्यापारी येतात आणि यंदाची कलमं एकरकमी उचलायला तयार होतात. हातात पैशाची निकड असते, बाई एकटी असते, आणि भाव पडतो. बाग कराराने देण्यात वाईट काही नाही. तुम्ही मुंबईत असताना तेच सोयीचं पडेल. पण भाव ठरवताना यजमानांचा बागायतदार मित्र शेजारी बसलेला असू द्या, आणि रक्कम कागदावर घ्या. मित्रांकडून हातउसने घेतलेले पैसेही त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहा, त्यांनी "असू दे गो" म्हटलं तरी. आजारपणात तुटलेली मैत्री पैशावरून तुटते ती बहुतेक वेळा अशीच, लिहून न ठेवल्यामुळे.

कागदांचं थोडक्यात. हे काम दिरांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. भरती होण्याआधी त्यांना भेटायचं, बिल झाल्यावर नाही. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच बघा. आडनावाच्या एका अक्षरासाठी लोक मुंबईहून परत तहसीलला आले आहेत. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयातून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

मुंबईत राहण्याची सोय हा मोठा प्रश्न. रेडिएशन ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करतात. मग आठवड्याचे पाच दिवस, असं सुमारे सहा आठवडे चालतं. प्रत्येक वेळी काही मिनिटांचं काम, पण रोजचं. नातेवाईकाच्या दहा बाय बाराच्या खोलीत दीड महिना काढणं दोन्ही घरांना जड जातं, मग ती माणसं कितीही प्रेमाची असोत. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी घेऊन तिथे चौकशी करा, आणि पहिल्याच भेटीत करा, जागेसाठी रांग असते. आणखी एक विचारा. तुमच्या गावच्या मुंबई मंडळाची लालबाग-परळात खोली अजून आहे का? गिरणीत कामाला गेलेल्या आपल्या माणसांनी गावाच्या नावाने अशा खोल्या घेतल्या होत्या, काही मंडळांनी त्या राखल्या आहेत. टाटा हॉस्पिटल 1941 मध्ये याच गिरणगावात उभं राहिलं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आपल्या गावचा माणूस सापडतोच. मंडळाच्या सेक्रेटरींना फोन करा. रक्तदाते, रात्री थांबायला तरुण मुलं, डब्याची सोय, यातलं बरंच ते एका निरोपात उभं करतात. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना गावासाठी काही करायची इच्छा असते, ती नुसती देणगीच्या पावतीवर संपू देऊ नका.

रात्रीच्या सोबतीसाठी पुरुष मित्र बघा. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांना थांबू देत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि तुम्हालाही झोप हवी. दोन-तीन मित्रांनी आठवडा वाटून घेतला, एक तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरला की दुसरा परत निघाला, असं करून उपचार पार पाडलेली घरं मला माहीत आहेत. जाणाऱ्या मित्राला आधी सांगून ठेवा की यजमान काही दिवस बोलू शकणार नाहीत. तोंड सुजलेलं असेल, कदाचित गळ्याला श्वासासाठी नळी असेल, लाळ गळेल. पाटी किंवा मोबाईलवर लिहून बोलायचं. मित्राने भजनातलं, मासळीच्या भावातलं, गावच्या क्रिकेटमधलं बोलावं, पूर्वी बोलायचा तसंच. "कसा काय झाला रे" हे विचारू नये. कुणाचा काका याच आजाराने कसा गेला तेही सांगू नये. आणि घरी भेटायला येणाऱ्यांनी खाऊ आणताना एवढं ध्यानात ठेवावं, की लाडू, चिवडा बघून न खाता येणाऱ्या माणसाला रडू येतं. पेज चालेल, पण नुसत्या पेजेवर जखम भरत नाही. दूध, अंडं, डाळ, गाळून पातळ केलेलं, दर दोन-तीन तासांनी, डोकं उंच ठेवून. नळीतून कसं द्यायचं हे रुग्णालयातली सिस्टर शिकवते. ते तुमच्याबरोबर आणखी एका माणसाने शिकून घ्या.

शिमगा रेडिएशनच्या मध्येच येणार. पालखी घरी येणार आणि कर्ता पुरुष मुंबईत, हे सासूबाईंना सोसणार नाही, हे मला आजच दिसतं आहे. "चार दिवस येऊन जा, देवाचं करून परत जा" असा फोन येईल. यजमानांचंही मन ओढ घेईल. जाऊ नका. रेडिएशनमध्ये मध्येच पडलेला खंड उपचाराची ताकद कमी करतो, कारण उरलेल्या पेशींना वाढायला तेवढी सवड मिळते. पालखीसमोर ओटी सासूबाई भरतील, पालखी दिरांनी नाचवावी, आणि कुणी मित्राने ती मोबाईलवरून यजमानांना दाखवावी. ही व्यवस्था आजच मानकऱ्यांच्या कानावर घाला, म्हणजे ऐनवेळी देवाचं राहिलं असं होणार नाही.

त्याच दिवसांत मुलीची दहावीची परीक्षा. तिच्यापासून काही लपवू नका. वडिलांच्या चेहऱ्यात फरक पडणार आहे हे तिला ऑपरेशनआधी सांगा, नंतर बघून धक्का बसू नये. तिच्या एखाद्या मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला आणि झोपायला सोय झाली तर बघा. वडिलांच्या जेवणाची भांडी वेगळी ठेवायला कुणी सांगितलं तर तिच्यासमोरच मोडून काढा. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने पसरत नाही. तपासणीसाठी तुकडा काढल्यामुळेही पसरत नाही.

सासूबाईंच्या मनातलं एक तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते असणार. जागेच्या राखणदाराचं काही राहिलं का, कुणाची नजर लागली का, आमच्या हातून काय पाप झालं. देवाने शिक्षा केली असं ज्याच्या मनात बसतं, तो माणूस देवाच्या आधारालाही मुकतो. नुसतं "असं काही नसतं" म्हणून ते जात नाही. कारण काय ते शांतपणे सांगा. तंबाखू, मशेरी, आणि नुसती सुपारीसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात सुपारी ही स्वतःच कॅन्सरला कारण असल्याचं नोंदवलं आहे. आपल्या परसात सुपारी पिकते म्हणून हे ऐकायला जड जातं. देवापुढे विडा ठेवायला हरकत नाही, तो खायचा मात्र नाही. सासूबाई स्वतः मशेरी लावत असतील तर याच निमित्ताने त्यांचंही तोंड तपासून घ्या.

आणि एवढं सगळं करूनही आजार परतला तर? हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी मनात आलं असणार. तेव्हा लोक म्हणतील, नवस चुकला, गाऱ्हाण्यात काही राहिलं. म्हणून आजच देवाकडे मागताना "बरं कर" याच्या जोडीला "सोसायचं बळ दे" हेही मागा. बरं होण्याची हमी डॉक्टरही देत नाहीत आणि मीही देणार नाही. हा आजार लवकर सापडला तर बरे होणारे पुष्कळ आहेत, हे मात्र खरं. रात्री मन भरून आलं आणि कुणालाच उठवावंसं वाटलं नाही, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा फोन आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो रुग्णासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे.

राहिला तो मित्र. लहानपणापासूनचा, भजनात पखवाजाला साथ देणारा, आणि माझा अंदाज आहे की एकाच डबीतून तंबाखू मळणारा. अशी माणसं बेफिकिरीने दूर होत नाहीत. त्याला भीती वाटते आहे की तुमच्या घरात पाऊल टाकलं तर वहिनी काय म्हणेल, आणि आज यांचं तोंड, उद्या आपलं. तो आपणहून येईल याची वाट बघू नका. फोन तुम्ही करा, आणि रागाचा शब्द न काढता थेट काम सांगा: "भावोजी, ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुम्ही त्यांच्याजवळ थांबायचं. तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत." यजमानांना तंबाखू आता कायमची सोडायची आहे. उपचारानंतरही चालू राहिली तर आजार परतण्याचा धोका वाढतो. हे एकट्याने करणं फार कठीण, बरोबरच्या माणसाने सोडली तर जमतं. त्यालाही मुंबईच्या त्याच फेरीत तोंड तपासून घ्यायला लावा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट सहन न होणं, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर दाखवायलाच हवं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, 1800-11-2356. दोघांनी एका दिवशी, शेजारी बसून तो फोन लावावा.